तापीच्या काठाकाठानं सुरतेला, सोबत नेव्हीवाले मामा

२०२५ च्या १ मेला आयएनएस सुरत ही युद्धनौका पहिल्यांदा स्वतःच्या नावाच्या शहरात म्हणजे हजिऱ्याच्या बंदरात आली, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर दिंडोलीच्या मावसभावानं फोटोंचा नुसता पाऊस पाडला, खाली लिहिलेलं ‘आपलं जहाज’. दिंडोली म्हणजे सुरतेतली बरं का, नाशिकवाली दिंडोरी नव्हे. तिथं, उधन्याला, लिंबायतला गल्ल्याच्या गल्ल्या अमळनेर, पारोळा, शिंदखेड्याकडच्या लोकांच्या आहेत, लूमवर कामाला गेले ते तिथलेच झाले. त्यावर आमच्या मामांचा रिप्लाय आला, “आपलं कसं काय? खानदेशले समुद्र कथा शे?” म्हणजे खानदेशाला समुद्र आहेच कुठं.

मामांना बोलायचा हक्क आहे कारण ते स्वतः नेव्हीत इंजिन रूमला होते, बरीच वर्षं विशाखापट्टणमला आयएनएस रणजितवर काढली, आता शिंदखेडा तालुक्यात कापूस आणि थोडी पपई करतात. तर ग्रुपवर हे भांडण दिवाळीपर्यंत चाललं आणि शेवटी मीच म्हणलं की चला मामा, तापी जिथून आपल्याकडं शिरते तिथून काठाकाठानं सुरतेपर्यंत जाऊ, मग ठरवू जहाज कुणाचं. मामी लगेच तयार, कारण तिची बहीण उधन्याला. गाडी माझी, चालवणार मी, आणि मामा शेजारच्या सीटवर बसून हायवेवर सूचना देणार हेही ठरलेलंच.

गुरुवार – भुसावळ, चांगदेव, हतनूर

मामा-मामी आदल्या रात्रीच जळगावला येऊन राहिले होते, सकाळी भुसावळ, तिथून मुक्ताईनगरच्या रस्त्यानं चांगदेव. हा जो महामार्ग आहे ना, आता ज्याला ५३ नंबर म्हणतात आणि आपण अजून सहा नंबरच म्हणतो, तो सुरू होतो हजिऱ्याला आणि जातो पार ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत. म्हणजे जळगावच्या लोकांच्या दारासमोरून एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडं जाणारा रोड गेलाय. मामांना मी हे सांगितलं तर म्हणाले रोडनं जहाज येत नाही.

चांगदेवला तापी आणि पूर्णा मिळतात. देऊळ दगडी, जुनं, कळस नाही त्यामुळं लांबून बसकं वाटतं पण जवळ गेलं की कोरीवकाम बघत उभं राहावं लागतं. खाली संगमावर नाववाले बसलेले असतात, आम्ही नावेत बसलो. मामी हात पाण्यात घालून म्हणाली, “हाई पानी सुरतले जास ना?” मामा म्हणाले जास, पण मधी हतनूर आणि उकाईचं धरण आडवं येतं.

तापी निघते बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला, एकूण लांबी ७२४ किलोमीटर, आणि शेवट सुरतेच्या पुढं अरबी समुद्रात. मधला मोठा पट्टा आपला, रावेर यावलपासून शहादा नंदुरबारपर्यंत.

संगमाच्या खाली थोड्या अंतरावर हतनूर धरण. ४१ दरवाजे. पावसाळ्यात टीव्हीवर ‘हतनूरचे इतके दरवाजे उघडले’ ही बातमी आपण नुसती ऐकून सोडतो, पण दिंडोलीचा भाऊ ती बातमी श्वास रोखून बघतो, कारण इथलं पाणी उकाईत आणि उकाईतून सोडलं की सुरतेत. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरतेत जो पूर आला त्यात त्यांच्या खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं होतं. तेव्हापासून जुलै लागला की त्याचा मला फोन येतो, तब्येत नंतर, आधी “हतनूरचं काय?”

हतनूरच्या फुगवट्यावर थंडीत बदकं उतरतात, तीही होती. पण मामांचं लक्ष दरवाज्यांकडं. तिथं उभं राहून त्यांनी मला पहिल्यांदा आयएनएस सुरतचं इंजिन समजावलं. या जहाजाला डिझेल इंजिनावर पळवत नाहीत, चार गॅस टर्बाइन आहेत, विमानाच्या इंजिनाच्या जातीचं मशीन, मूळ युक्रेनचं. चारही दोन शाफ्टना, म्हणजे पंखे फिरवणाऱ्या दांड्यांना जोडलेली, साधं सेलिंग असेल तर कमी टर्बाइनवर भागतं आणि जोर लागला की चारही लावायची. फायदा काय तर थंड मशीन मिनिटांत तयार होतं, जुन्या स्टीमच्या जहाजांना बॉयलर तापायला तासन्‌तास जायचे. तोटा काय तर तेल पितं.

“आणि स्पीड?” मी विचारलं.

“तीस नॉटच्या वर गेली ती पहिल्याच ट्रायलला. छप्पन किलोमीटर ताशी धर.” मग जरा थांबून, “आमची रणजित पस्तीस जायची.”

हे वाक्य पुढं सुरतेपर्यंत किती वेळा ऐकलं त्याचा हिशोब नको. पण खरंय ते, रणजित हे राजपूत क्लासचं सोव्हिएत बनावटीचं जहाज, १५ सप्टेंबर १९८३ ला नौदलात आलं, त्यालाही चार गॅस टर्बाइनच होत्या, आणि ते सुरतपेक्षा बरंच हलकं, पाच हजार टनाच्या आसपास. सुरत ७,४०० टन. ६ मे २०१९ ला रणजित निवृत्त झालं तेव्हा मामा खास विशाखापट्टणमला गेले होते. मावळतीला झेंडा उतरवताना काय झालं ते ते कधीच पूर्ण सांगत नाहीत, मधेच टर्बाइनवर घसरतात.

रात्री जळगावला घरीच. भरीत झालं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, कळण्याची पुरी, कांद्याची पात. यावर जास्त लिहीत नाही, खानदेशातल्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

शुक्रवार – चोपडा, थाळनेर, सारंगखेडा, प्रकाशा

सकाळी यावलवरून चोपडा. दोन्ही बाजूला केळी, मधे मधे केळीचे ट्रक, ओव्हरटेक करायची सोय नाही. मामांच्या सूचना चालूच.

आता एक गंमत. आम्ही ज्या वाटेनं चाललो होतो ती वाट साधीसुधी नाहीये. मुघलांच्या काळात सुरत ते बुऱ्हाणपूर आणि तिथून पुढं आग्रा असा मोठा व्यापारी रस्ता होता. इंग्लंडच्या राजाचा वकील थॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि जहांगीरकडं जायला निघाला तेव्हा तो व्यारा, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर असाच वर बुऱ्हाणपूरला गेला. म्हणजे आमची गावं, आणि आम्ही उलटे. बुऱ्हाणपूरला शहजादा परवेझ होता, रोनं त्याला भेटीत दारूच्या बाटल्यांची पेटी दिली आणि शहजादा ती पिऊन इतका टाइट झाला की ठरलेली पुढची भेटच झाली नाही. ही गोष्ट मी मामीला सांगितली तर ती म्हणाली काही बदललं नाही मग.

या रस्त्यानं बुऱ्हाणपूरचं कापड सुरतेला जायचं, तिथून जहाजानं अरबस्तान, इराण, पुढं युरोप. सुरत हे मुघलांचं सगळ्यात मोठं बंदर होतं, हजचे यात्रेकरू तिथूनच निघायचे. नौदलानं सुरत हे नाव निवडताना जे कारण दिलं तेही याच धाटणीचं, की सोळाव्या ते अठराव्या शतकात सुरत जहाजबांधणीचं मोठं केंद्र होतं आणि इथली जहाजं शंभर शंभर वर्षं टिकायची. कापूस, कापड आणि नीळ मात्र सुरतेत थोडीच उगवायची, ती मागून यायची. मागून म्हणजे इकडून. मामांच्या शेतात आज जो कापूस आहे तोही शेवटी कुठल्या तरी मिलमार्गे फिरून तिकडंच जातो. हे मी बोलले तेव्हा मामा गप्प होते, मी मनातल्या मनात पहिला पॉइंट लिहून घेतला.

थाळनेरला किल्ल्याचं काही उरलेलं नाही म्हणलं तरी चालेल, नदीच्या काठावर मातीचा डोंगर आणि थोडी तटबंदी. फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी, चौदाव्या शतकातली, त्यांच्या कबरी मात्र अजून उभ्या आहेत आणि एकीवरची नक्षी फार सुंदर आहे. १८१८ ला इंग्रजांनी किल्ला घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिली. लतादीदींचं आजोळही थाळनेरच. एवढ्याशा गावात एवढं सगळं आणि बोर्ड एकही धड नाही.

सारंगखेड्याला पुलावरून नदी बघितली, खाली बॅरेज असल्यामुळं पाणी काठोकाठ. दत्तजयंतीचा घोडेबाजार अजून भरायचा होता, मंडप टाकायचं काम चाललेलं. चहा घेतला आणि निघालो.

प्रकाशाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. इथं गोमाई तापीला मिळते, केदारेश्वराचं देऊळ, लोक दक्षिण काशी म्हणतात. १९५५ च्या सुमाराला इथं उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळातल्या वस्तीचे थर सापडले, म्हणजे माणसं या काठावर तीन-साडेतीन हजार वर्षांपासून आहेत. घाटावर दशक्रियेचे विधी चालू होते, आम्ही जरा बाजूला जाऊन बसलो.

इथं मामा शस्त्रांवर आले. घाटावर बसून क्षेपणास्त्रांवर बोलणं कसं तरी वाटत होतं पण ते सुरू झाले की झाले. तर ऐका. पुढच्या डेकवर ७६ मिलिमीटरची तोफ, ती भेल या सरकारी कंपनीच्या हरिद्वारच्या कारखान्यात बनते. जहाजावर सोळा ब्रह्मोस क्षेपणास्त्रं, उभ्या नळ्यांतून सुटतात, शत्रूच्या जहाजावर आणि जमिनीवर मारा करायला. हवेतून येणाऱ्या धोक्यासाठी बत्तीस मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं, सत्तर किलोमीटरच्या घरातली, तीही उभीच सुटतात. पाणबुडीसाठी टॉर्पेडो आणि रॉकेट लाँचर. मागं हेलिकॉप्टरचा डेक. आणि डोलकाठीवर जो चौकोनी फळ्यांसारखा रडार दिसतो ना फोटोत, तो गोल फिरत नाही, चारही बाजूंना चार फळ्या बसवलेल्या, सगळीकडं एकदम बघतो.

“आमच्या वेळेस रडार फिरायचा, आता नजर फिरते,” मामा.

२४ एप्रिल २०२५ ला, म्हणजे पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी, याच आयएनएस सुरतनं अरबी समुद्रात समुद्राच्या पाण्याला जवळजवळ चाटत येणारं टार्गेट हवेतच उडवलं, ती मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची टेस्ट होती. खाली उडणारं टार्गेट का अवघड तर पृथ्वी गोल आहे, रडारला ते क्षितिजाच्या आडून उशिरा दिसतं, आणि दिसल्यावर हातात सेकंद उरतात. एवढं मामांनी घाटाच्या पायरीवर काडीनं रेघ ओढून दाखवलं. शेजारी एक भटजीबुवा उभे राहून सगळं ऐकत होते, शेवटी म्हणाले, “मग पाडलं का?” पाडलं म्हणल्यावर समाधानानं गेले.

मुक्काम नंदुरबार. शेवभाजी इतकी तिखट की मामीनं सुद्धा दही मागवलं.

शनिवार – नंदुरबार, नवापूर, उकाई, सुरत

सकाळी आधी शिरीषकुमारच्या स्मारकापाशी. ९ सप्टेंबर १९४२, पंधरा वर्षांचा पोरगा हातात तिरंगा घेऊन, पोलिसांच्या गोळीला सामोरा. चौकात बाजार भरलेला असतो, मिरचीच्या पोत्यांचा वास, पण मामा तिथं अटेन्शनमध्ये उभे राहिले ते मी पुढं दोन दुकानं जाऊन आले तरी तसेच.

नवापूर स्टेशन मी पहिल्यांदाच बघितलं. प्लॅटफॉर्म आठशेएक मीटर, त्यातला तीनशे महाराष्ट्रात आणि पाचशे गुजरातेत, तिकीट खिडकी आपल्याकडं आणि स्टेशन मास्तर गुजरातकडं. मधल्या बाकावर दोन राज्यांची नावं लिहिलीयत, तिथं सेल्फीवाल्यांची रांग. मामी गुजरातच्या बाजूला बसली, मामा महाराष्ट्राच्या, मी फोटो काढला. घोषणा चार भाषांत होते.

तेवढ्यात सुरतेकडं जाणारी गाडी लागली आणि मामांना सुचलं. “चाल, तुले दाखाडस कितलं लांब शे जहाज.” इंजिन सोडलं आणि पहिल्या डब्याच्या टोकापासून चालायला लागले, मी मागं. नव्या डब्यांची लांबी चोवीस मीटरच्या आत-बाहेर असते हे त्यांना पाठ. एक डबा, दोन डबे, वाटेत एक जण चहाचा थर्मास घेऊन आडवा आला, तीन, चार, पाचव्या डब्याच्या दारात एक बाई केळी विकत होती ती आम्हाला गिऱ्हाईक समजली, सहा, आणि सातवा डबा संपायच्या जरा अलीकडं मामा थांबले. “हं. इथं संपली सुरत. एकशे चौसष्ट मीटर.” मग प्लॅटफॉर्म ओलांडून पलीकडचे दोन ट्रॅक दाखवत रुंदी, सतरा मीटरच्या वर. आणि यात तीनशेच्या आसपास माणसं राहतात, जेवतात, झोपतात, मशीन चालवतात, महिना महिना. मी मागं वळून बघितलं तर मामी अजून गुजरातमध्ये बाकावर बसून हात हलवत होती, बोटाएवढी दिसत होती.

त्या वेळी मला पहिल्यांदा ते जहाज ‘मोठं’ वाटलं. आकडे वाचून वाटलं नव्हतं.

नवापूरच्या पुढं घाटासारखं जंगल, साग, आणि मग उकाई. धरण १९७२ चं. फुगवटा थेट आपल्या नंदुरबारच्या हद्दीत येतो, त्यात आपली गावं गेली, त्या लोकांच्या पुनर्वसनाची रडगाणी अजून नवापूर तालुक्यात ऐकायला मिळतात. पाणी अफाट आहे, बघताना डोळे निवतात आणि लगेच खाली कोण गेलं तेही आठवतं. आम्ही फार थांबलो नाही.

उकाई ते सुरत गाडीत मामांची आणि माझी खरी चर्चा झाली, कारण रस्ता सरळ होता आणि सूचना द्यायला काही नव्हतं. जहाज कसं बांधलं यावर. आयएनएस सुरत माझगाव डॉकला झालं, ७ नोव्हेंबर २०१९ ला कील म्हणजे जहाजाचा तळाचा कणा पडला, १७ मे २०२२ ला पाण्यात उतरलं, २० डिसेंबर २०२४ ला नौदलाच्या ताब्यात आणि १५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डला पंतप्रधानांच्या हस्ते कमिशन म्हणजे सेवेत दाखल, त्याच दिवशी निलगिरी ही फ्रिगेट (जरा लहान युद्धनौका) आणि वाघशीर ही पाणबुडी पण. तिन्ही एकाच दिवशी आणि दिवस कुठला तर आर्मी डे, मामांना याचं भारी हसू येतं.

हल म्हणजे जहाजाचं बाहेरचं धड दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधून ब्लॉकचे ब्लॉक माझगावला आणून जोडले. मामा म्हणाले आधी जहाज खालून वर बांधायचे, आत पाईप आणि वायरी नंतर घुसवायचे, आता ब्लॉकमध्येच पाईप, वायर, कधी मशीनसुद्धा बसवून मग वेल्डिंग, म्हणून लाँच ते डिलिव्हरी ३१ महिन्यांत. स्टीलही भारतातलं, पाऊणभर माल देशातला. हे एकाच जातीच्या चौघींपैकी शेवटचं जहाज, आधीच्या तिघी विशाखापट्टणम, मुरगाव आणि इंफाळ. आणि या चौघींच्या आधी कोलकाता, कोची, चेन्नई, त्याच्या आधी दिल्ली, म्हैसूर, मुंबई. १९९७ ला दिल्ली आलं तिथपासून एकच घराणं सुधारत सुधारत आलंय.

आणि एआयचं काय, मी विचारलं, कारण नौदलानं हे पहिलं एआय असलेलं जहाज म्हणून सांगितलंय. मामा म्हणाले, “आमच्या वेळेस एआय म्हणजे आमचा चीफ. झोपेतून उठून सांगायचा, दोन नंबर टर्बाइनचा आवाज बदललाय.”

मग मी इंफाळचा मुद्दा काढला. देशाच्या चार कोपऱ्यांतली शहरं म्हणून ही चार नावं दिली ना, मग इंफाळला कुठं समुद्र आहे? डोंगरात आहे ते. समुद्र नसलेल्या गावाचं नाव चालतं तर आपलं काय घोडं मारलंय? मामा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग मागून मामीच म्हणाली, “पुढला जहाजले भुसावळ नाव दिधं तर काय बिघडनं?” आयएनएस भुसावळ. गाडी बाजूला घेऊन हसले मी.

संध्याकाळी दिंडोली. गल्लीत शिरल्यावर पहिलं वाक्य कानावर पडलं ते अहिराणी. किराणा दुकानात बिबडे आणि नागलीचे पापड, भिंतीवर कानबाईच्या उत्सवाचा जुना बॅनर. मावसभावाचं एम्ब्रॉयडरीचं छोटं युनिट आहे, मशीन रात्रीपण चालू, त्या खडखडाटात मामा लगेच खूश, म्हणाले इंजिन रूममध्ये आल्यासारखं वाटतं.

रविवार – सुरतेचा किल्ला, हजिरा, सुवाळी

किल्ला तापीच्या अगदी काठावर, १५४६ चा, आता दुरुस्त करून म्युझियम केलंय आणि खरंच छान केलंय. १६६४ च्या जानेवारीत महाराज आले तेव्हा इथला सुभेदार इनायतखान शहर सोडून याच किल्ल्यात दडून बसला. दुसऱ्यांदा महाराज ऑक्टोबर १६७० ला आले. आपल्याकडं पुस्तकात ‘सुरतेची लूट’ शिकलेलो, इथं गाइड तेच जरा वेगळ्या चेहऱ्यानं सांगतो, साहजिक आहे. पण १६६४ च्याच नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्गचं काम सुरू झालं हे तो सांगत नाही, ते मामांनी त्याला सांगितलं. आणि पुढचं तर मामांनी असं सांगितलं की आजूबाजूचे चार लोक थांबले. नौदलाचा झेंडा २०२२ च्या सप्टेंबरात बदलला, इंग्रजांचा क्रॉस काढला आणि सोनेरी काठाचा निळा अष्टकोन आला, तो महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला. म्हणजे आज ‘सुरत’ नावाच्या जहाजावर फडकतो तो महाराजांच्या मुद्रेचा अष्टकोन. गाइड पण हसला. म्हणाला, हिसाब बराबर.

आणखी एक धागा, लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे पारशी सुतार, १७३६ ला त्यांना मुंबईत जहाजं बांधायला नेलं. त्यांच्या घराण्यानं मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमाली हे १८१७ चं सागवानी जहाज अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. आयएनएस सुरत मुंबईत बांधलं हे त्या हिशोबानं बरोबरच झालं, सुरतेचे कारागीरच तिकडं गेले होते.

जेवून हजिऱ्याकडं. ५३ नंबरचा शेवट, किंवा सुरुवात, कुठून बघता त्यावर. दोन्ही बाजूला कारखाने, चिमण्या, ट्रेलर, बंदरात आत जायला अर्थातच मिळत नाही आणि जहाज काही आम्हाला भेटायला थांबलं नव्हतं. सुरतच्या बोधचिन्हावर जो दीपस्तंभ आहे तो इथला हजिऱ्याचाच, १८३६ चा, देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी, आणि सोबत गीरचा सिंह. ते चिन्ह नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरतेतच लोकांसमोर आणलं होतं, त्या कार्यक्रमाचे फोटो मावसभावानं तेव्हाही ग्रुपवर टाकलेले, कुणी बघितले नव्हते.

सुवाळीला गेलो. काळसर वाळू, रविवारची गर्दी, उंट, मक्याची कणसं. हे सुवाळी म्हणजे इंग्रजांचं स्वॉली, मोठी जहाजं इथंच नांगरायची कारण तापीच्या मुखात गाळ, सुरतेच्या धक्क्यापर्यंत ती जाऊच शकायची नाहीत, माल इथून बैलगाड्या नाहीतर छोट्या होड्यांतून जायचा. १६१२ च्या नोव्हेंबरात इथं इंग्रज आणि पोर्तुगीजांची समुद्रात लढाई झाली, इंग्रज टिकले, आणि पुढच्याच वर्षी त्यांना वखारीचं फर्मान मिळालं. पुढं सुरत मागं पडली त्याची कारणं बरीच, मुघल खचले, मुंबई वाढली, पण गाळ हे एक होतंच.

मामा वाकून ओली वाळू मुठीत घेऊन चोळत होते. काळी, मऊ, बोटाला चिकटणारी. शेतकरी माणूस, त्याला लगेच कळतं. “हाई काय वाळू नही,” म्हणाले, “हाई ते आपली काळी शे.”

तर मावसभाऊ म्हणाला, “म्हणजे सुरतचं बंदर तुम्हीच बुजवलं की मामा!”

“आम्हीच बुजवलं. कापूस आम्ही पाठवला, माणसं आम्ही पाठवली, गाळ पण आम्हीच,” मामा हात झटकत म्हणाले, “मग जहाज कुनं शे?”

ग्रुपवर त्यांनी तिथूनच फोटो टाकला, खाली लिहिलं ‘आपलं जहाज. पण रणजित पस्तीस जायची.’

कुणाला हा रूट करायचा असेल तर थोडं कामाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी करा, घोडेबाजार बघायचा तर दत्तजयंतीच्या आठवड्यात पण मग सारंगखेड्याला ट्रॅफिक धरून चला. नवापूरला प्लॅटफॉर्म तिकीट काढा. सुवाळीला ओहोटीत समुद्र फार लांब जातो आणि चिखलात पाय रुततात, भरती जोरात येते, म्हणून वेळ विचारून जा आणि पाण्यात शिरू नका, गाडी तर वाळूवर मुळीच घालू नका, आमच्यासमोर एक अडकलेली ट्रॅक्टरनं ओढून काढली. परत येताना मामा-मामी ट्रेननं गेले, उधन्याहून थेट शिंदखेड्यापर्यंत गाडी मिळते, मी एकटी गाडी घेऊन आले, धुळ्यापर्यंत एकही सूचना नाही, जरा चुकल्यासारखंच होत होतं.